पंधरा मिलीमीटरचा माज

"युनिव्हर्सल आहे साहेब, कुठल्याही गाडीला बसतो."

अॅक्सेसरीजच्या दुकानात हे वाक्य सीटकव्हरबद्दल म्हटलं तर माझी काहीच हरकत नाही. फार तर कोपरे सुरकुततील. पण हेच वाक्य, त्याच सुरात, परफ्यूम आणि फूटमॅटच्या मधल्या फळीवरून काढलेल्या अॅल्युमिनियमच्या चकतीबद्दल म्हटलं जातं, आणि ती चकती चाक आणि हब यांच्या मधे बसणार असते, तेव्हा मात्र माझं डोकं फिरतं. आजचा लेख त्या फिरलेल्या डोक्यातून आलेला आहे. गोड मानून घ्या.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हील स्पेसर म्हणजे एक जाड चकती. चाक काढायचं, हबवर ही चकती ठेवायची, वर पुन्हा चाक. चकती जेवढी जाड तेवढं चाक बाहेर येतं. कंपनीतून येणाऱ्या बहुतेक गाड्यांची चाकं मडगार्डच्या कमानीत जराशी आत असतात. भरलेली गाडी खड्ड्यात आपटली तरी टायर कमानीला घासू नये, चिखल दारांवर उडू नये, म्हणून ती सोडलेली जागा. पण दिसायला ती गाडी थोरल्या भावाचे कपडे घातलेल्या पोरासारखी दिसते. चाकं कमानीच्या बरोबरीला आली की तीच गाडी एकदम रुंद, दमदार वाटते. हे खरं आहे, मलाही आवडतं. 'दिसण्यासाठी' हे कारण मला अजिबात हलकं वाटत नाही. मुलाखतीला आपण इस्त्रीचा शर्ट घालून जातो तो काय कोड चांगला कंपाइल व्हावा म्हणून?

माझं भांडण दिसण्याशी नाही. भांडण आहे ते 'ट्रॅक वाढतो, गाडी रस्त्याला चिकटते' या थापेशी. आणि त्याहून जास्त 'काही होत नाही' या आपल्या राष्ट्रीय ब्रीदवाक्याशी.

आधी थाप. छोट्या हॅचबॅकची डावी-उजवी चाकं एकमेकांपासून साधारण दीड मीटरवर असतात. दोन्हीकडे १५ मिलीमीटरचे स्पेसर लावले तर हे अंतर ३० मिलीमीटरनी वाढेल. म्हणजे दोन टक्के. वळणावर आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जो भार सरकतो तोही ढोबळमानाने दोन टक्क्यांनीच कमी होणार. चांगल्या टायरचा किंवा टायरमधल्या हवेच्या योग्य दाबाचा फरक याहून कितीतरी जास्त पडतो, आणि हवा तर बहुतेक पंपांवर फुकट मिळते. शिवाय चाक बाहेर गेलं की स्प्रिंगच्या दृष्टीने तरफ लांब होते आणि सस्पेन्शन किंचित मऊ वागायला लागतं. म्हणजे एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने थोडं परत. तेव्हा दिसण्यासाठी करताय, तर दिसण्यासाठी करतोय म्हणा ना सरळ.

आता आकडा. प्रत्येक रिमवर आतल्या बाजूला ईटी ४५, ईटी ३८ असं काहीतरी कोरलेलं असतं. हा ऑफसेट. रिमची मधली रेषा आणि रिम हबवर टेकते तो पृष्ठभाग यांच्यातलं मिलीमीटरमधलं अंतर. आकडा मोठा तर चाक आत, लहान तर बाहेर. ईटी ४५ च्या चाकामागे १५ चा स्पेसर लावला की ते ईटी ३० झालं. हिशोब इतकाच, तिसरीतली वजाबाकी. तरीही किती मिलीमीटरचा स्पेसर लावायचा हे लोक कसं ठरवतात? मित्राने १५ लावलाय म्हणून. मित्राची गाडी वेगळी, रिम वेगळी, टायर वेगळा. पण १५.

मोजायला काय लागतं? गवंड्याचा ओळंबा. सपाट जागेवर गाडी उभी करा, कमानीच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरी व टायरचा सर्वात फुगीर भाग यांतलं अंतर मोजा. पुढचं आणि मागचं वेगळं येईल, डावं-उजवंसुद्धा दोन-तीन मिलीमीटरनी वेगळं येऊ शकतं. त्या अंतरातून थोडं हातचं राखा. मागच्या सीटवर तीन धडधाकट मित्र बसवून पुन्हा बघा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. यातून जो आकडा निघेल तो तुमचा. पुढे ७ आणि मागे १२ असाही निघेल. 'चारही सारखे द्या' असं म्हणणाऱ्याने काहीच मोजलेलं नसतं.

आमच्या धंद्यात अशा चकतीला शिम म्हणतात. दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, त्यांच्यामधे घुसवलेला एक पातळ थर. (शब्द आम्ही मेकॅनिकल वाल्यांकडूनच ढापलाय.) शिम लिहिणं पाप नाही, पोटापाण्यासाठी मी आयुष्यभर तेच केलंय. दोन्ही बाजूंचे इंटरफेस न वाचता शिम लिहिणं हे पाप. आणि चाक-हब या इंटरफेसमधे वाचण्यासारखं पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट, चाक कशामुळे जागेवर राहतं? बहुतेकांना वाटतं की चार स्टडवर चाक टांगलेलं आहे आणि गाडीचं वजन ते स्टड पेलतात, भिंतीतल्या खुंटीसारखे. तसं नाहीये. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो. १२ मिलीमीटरचा स्टड १०० न्यूटन-मीटरला आवळला तर तो ढोबळ हिशोबाने चारएक टनांच्या जोराने दाबतो. चार नटांचे सोळा टन. या दाबामुळे दोन पृष्ठभागांत जे घर्षण तयार होतं ते चाकाला धरतं. स्टडवर आडवा मार बसायला लागला याचा अर्थ घर्षण आधीच हरलेलं आहे, आणि मग स्टड थकून तुटणं ही फक्त वेळेची बाब.

आता यात स्पेसर घाला. एका सांध्याचे दोन सांधे झाले. चकतीच्या दोन्ही बाजू अगदी सपाट आणि एकमेकींना समांतर हव्यात. हबवर गंज असेल, रिमच्या मागे रंगाचा जाड थर असेल, चकतीवर चकचकीत पावडर कोटिंग असेल, तर पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमधे तो थर दबतो, झिजतो. थर काही मायक्रॉनचाच असतो, पण स्टडचा ताणही तितक्याच बारीक मापाचा असतो. ताण गेला की दाब गेला, दाब गेला की घर्षण गेलं. म्हणून तारेच्या ब्रशने हब घासणं आणि ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासणं याला पर्याय नाही. आपल्याकडे काय होतं? हवेच्या गनने टर्रर्र, आणि वर एक लाथ. झालं फिटिंग.

दुसरी गोष्ट मधलं भोक. मारुती स्विफ्ट आणि होंडा सिटी या दोघींचा पीसीडी ४×१००, म्हणजे चार स्टड १०० मिलीमीटरच्या वर्तुळावर. दुकानदारासाठी प्रश्न मिटला, 'एकच साइज'. पण स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिलीमीटरचा आणि सिटीचा ५६.१ चा. सिटीसाठीचं भोक स्विफ्टवर चढवलं तर सगळीकडून एकेक मिलीमीटर मोकळं. उलट करायला गेलात तर चढतच नाही, मग काही थोर कारागीर कानस काढतात. आणि आटे? स्विफ्टचे स्टड एम१२×१.२५, सिटीचे एम१२×१.५. होंडाच्या मूळ नटाचं बूड गोलसर, बाजारातल्या बहुतेक अलॉयना लागतं ते शंकूसारखं. पीसीडी जुळला आणि बाकी तीन गोष्टी चुकल्या. आणि युनिव्हर्सल स्पेसर म्हणजे तर कळसच. पाच-सहा पीसीडींना चालावा म्हणून त्यात भोकांऐवजी लांबट खाचा, मधलं भोक सर्वात मोठ्या हबला बसेल एवढं. तो कुठल्याही गाडीला 'बसतो' म्हणजे कुठल्याच गाडीवर मध्याशी बसत नाही.

मध्याशी नाही बसला तर काय? नट शंकूचे असतील तर ते चाकाला बऱ्यापैकी मध्यावर ओढतात, हे मान्य. पण बऱ्यापैकीच. स्विफ्टच्या १८५/६५ आर१५ टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर. ताशी ९० किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला २५ मीटरला, चाक सेकंदात सुमारे तेरा वेळा फिरतं. आणि टायरवर उसळणाऱ्या चाक-हबच्या वजनाची स्वतःची लय साधारण सेकंदाला दहा ते पंधरा. मध्य अर्ध्या मिलीमीटरने हुकलेलं चाक या लयीवर बरोबर सूर धरतं. म्हणून शहरात काही जाणवत नाही आणि एक्सप्रेसवेला लागलं की ८०-१०० च्या मधे स्टिअरिंग थरथरतं. मग लोक बॅलन्सिंग करत हिंडतात. तीनदा बॅलन्सिंग केलं, टायर बदलले, तरी थरथर जाईना! कशी जाईल? बॅलन्सिंगच्या मशीनवर फक्त चाक चढतं, स्पेसर गाडीलाच राहतो.

तिसरी गोष्ट आटे. नुसता सरकवून बसवायचा स्पेसर मूळ स्टडची लांबी खातो. १० मिलीमीटरची चकती घातली की नटाला धरायला दहा मिलीमीटर आटे कमी. साधा नियम असा की स्टडचा व्यास जेवढा, निदान तेवढी लांबी नटात गुंतलेली हवी. १२ मिलीमीटरच्या स्टडवर १.२५ च्या आट्यांना हे साडेनऊ फेरे होतात, १.५ ला आठ. नट हाताने फिरवून मोजा. पाच-सहा फेऱ्यांत नट टेकला तर तो स्पेसर त्या स्टडवर घालायचा नाही, विषय संपला. लांब स्टड बसवा, किंवा स्वतःचे स्टड असलेला स्पेसर घ्या जो आधी हबला नटांनी आवळतात आणि मग चाक त्याच्यावर. पण हा दुसरा प्रकार साधारण २० मिलीमीटरच्या खाली नीट बनतच नाही, कारण आतले नट लपायला जाडी लागते. त्याहून पातळ बोल्ट-ऑन बाजारात मिळतात, त्यात मूळ स्टडची टोकं चकतीच्या बाहेर डोकावतात, आणि रिमच्या मागे त्यांना सामावणारे खळगे नसतील तर चाक त्या टोकांवर टेकून राहतं, चकतीवर नाही. फोक्सवॅगनवाल्यांकडे स्टडच नसतात, बोल्ट असतात (एम१४×१.५). त्यांनी चकतीच्या जाडीएवढे लांब बोल्ट घ्यायचे, ना कमी ना जास्त. जास्त लांब बोल्ट हबच्या पलीकडे निघून ब्रेकच्या भागांत घुसू शकतो.

आता उलट्या बाजूच्या मंडळींशीही दोन शब्द. 'स्पेसर म्हणजे व्हील बेअरिंगची वाट' हे पालुपद मला तितकंच कंटाळवाणं वाटतं. एका चाकावर साडेतीनशे किलो धरा. १५ मिलीमीटरच्या तरफेने बेअरिंगवर जास्तीचा पीळ येतो सुमारे ५० न्यूटन-मीटर. तेच चाक एखाद्या वळणावर अर्ध्या जी ने वळलं तर टायरच्या त्रिज्येमुळे बेअरिंगवर ५०० च्या आसपास येतात. फरक पडतो, आयुष्य थोडं कमी होणार, पण आभाळ कोसळत नाही. शिवाय ईटी ३० चं अलॉय लावलं तरी बेअरिंगला हाच पीळ बसतो, आणि त्यावर हे लोक अवाक्षर काढत नाहीत.

मला जास्त चिंता वाटते ती स्टिअरिंगची. पुढचं चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष खाली जमिनीला एका बिंदूत भेटतो. तो बिंदू आणि टायरच्या टेकण्याचा मध्य यांतलं आडवं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. १९७२ च्या ऑडी ८० ने हे अंतर उणे ठेवण्याची पद्धत लोकांसमोर आणली. कारण असं, की फ्रंट व्हील ड्राइव्ह छोट्या गाड्यांत ब्रेकच्या दोन लाइन सहसा तिरप्या जोडलेल्या असतात. एक लाइन फुटली तर पुढचं एकच चाक ब्रेक धरतं आणि गाडी त्या बाजूला खेचली जाते. स्क्रब उणे असेल तर स्टिअरिंग आपोआप उलट बाजूला किंचित वळून ती ओढ सावरतं. एका पुढच्या चाकाखाली वाळू आणि दुसऱ्याखाली डांबर असेल तेव्हाही हेच. ही रचना मिलीमीटरांत मोजायची. तिथे तुम्ही १५ मिलीमीटर अधिक केलेत की चिन्हच बदलू शकतं. साइन बिट फ्लिप! मदत करणारं स्टिअरिंग आता घोळात भर घालतं. रोजच्या चालवण्यात याचा पत्ता लागत नाही, फार तर खड्ड्यात स्टिअरिंग थोडं जास्त हिसका देतं. पत्ता लागतो तो ज्या दिवशी जीव खाऊन ब्रेक दाबता त्या दिवशी. म्हणून पुढच्या चाकांना दोन आकडी स्पेसर लावण्याच्या मी सरळ विरोधात आहे. मागे लावा हवं तर.

इथे कुणीतरी म्हणणारच, 'जर्मनीत सगळे लावतात. पोर्शे तर स्वतःच स्पेसर देते.' देते ना! पोर्शेने ते गाडीबरोबर आखलेले असतात, त्या चाकासाठी, त्या बोल्टसाठी. एच अँड आर, आयबाख या जर्मन कंपन्यांचे स्पेसर तपासणीचा कागद घेऊन येतात, त्यात कुठली गाडी, कुठला टायर, कुठल्या अटींवर हे लिहिलेलं असतं, आणि गरजेप्रमाणे तपासनीसाकडून ते मान्य करून घ्यावं लागतं. चाकाच्या मध्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायर वरून झाकलेला हवा, इथपर्यंत नियम. आपण त्यातली फक्त चकती आणली आणि कागद तिकडेच ठेवला.

आणि आपल्याकडचा कायदा? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करू नका. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधे हे कलम चांगलंच घट्ट वाचलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या फेरफाराला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी सोय केली. स्पेसरचं नाव घेऊन कुणी काही म्हटलेलं नाही. म्हणजे तुम्ही धूसर पट्ट्यात आहात, आणि त्या धुक्यात तुमची विमा कंपनी तुमच्यापेक्षा जास्त सराईतपणे चालते. गंमत म्हणजे पुण्यात टेकडीवर एआरएआय बसलंय, भोसरीत हव्या त्या मापाची चकती काटेकोर कातून देणारे लेथवाले आहेत. अचूकतेची इतकी चैन असलेल्या गावात आपण नाना पेठेतून वजनावर घेतल्यासारखे स्पेसर घेतो.

सर्वात महत्त्वाचं राहिलं. गाडी तुम्ही एकटे चालवत नाही.

समजा तुम्ही सगळं नीट केलंत. हब-सेंट्रिक स्पेसर, लांब स्टड, टॉर्क रेंच. शनिवारी बाबा गाडी घेऊन गावाला निघाले आणि हायवेवर पंक्चर. टपरीवरच्या पोराने नट सोडले, चाकामागून एक चकती निघाली. स्टेपनीचं चाक लोखंडी, वेगळं. पोराला वाटलं चकती त्या अलॉयची आहे, ठेवली डिकीत. आता लांब स्टडवर स्पेसर नाही. तुमचे नट जर बंद टोपीचे असतील तर स्टडचं टोक टोपीच्या बुडाला जाऊन टेकणार, पाना घट्ट होणार, पोरगं म्हणणार 'झालं काका'. नट घट्ट आहे, चाक घट्ट नाही. बोल्टवाल्या गाडीत याच चुकीने लांब बोल्ट आत ब्रेकपर्यंत जातो. बाबांनी काय चूक केली? आणि पुढच्या दहा किलोमीटरवर ते चाक सुटून दुभाजकापलीकडे गेलं तर तिकडून बाइकवर येणाऱ्याने काय केलं होतं? त्याला तर तुमची गाडी कमानीशी फ्लश दिसते की नाही हेही माहीत नव्हतं.

बोल्ट-ऑनमधे ही भानगड कमी, पण तिथे आतले नट चाकामागे लपलेले असतात. ते सैल झालेत का हे चाक काढल्याशिवाय कळत नाही, आणि वर्षभर कुणी चाक काढत नाही.

तेव्हा तुम्हाला चाकं बाहेर हवीच असतील तर माझं पहिलं उत्तर हेच, की योग्य ईटीची रिम घ्या. आहे तो सांधा एकच राहतो आणि टपरीवरच्या पोराला काही नवीन शिकावं लागत नाही. रिम आहे तीच ठेवायची असेल, किंवा आत सस्पेन्शनला टायर घासतोय, मोठ्या ब्रेकच्या कॅलिपरला जागा हवीये, असं खरं कारण असेल, तर तुमच्याच गाडीच्या मधल्या भोकाच्या मापाचा स्पेसर घ्या. घेताना व्हर्नियर घेऊन जा आणि चकती चार ठिकाणी मोजा. दुकानदार हसेल, हसू द्या. जरासा फरक दिसला तरी परत द्या. हबचा उंचवटा चकतीने पूर्ण गिळला तर चकतीवर पुढे तसाच उंचवटा हवा, नाहीतर चाक कशावर बसणार? टॉर्कचा आकडा गाडीच्या पुस्तकातून. होंडाला १०८, फोक्सवॅगनला १२०, तुमच्या गाडीचं पुस्तक ग्लव्ह बॉक्समधे न उघडलेलं पडलेलंच आहे. बरा टॉर्क रेंच तीन-चार हजारांच्या आत मिळतो, म्हणजे तुमच्या कीबोर्डपेक्षा स्वस्त.

आणि डिकीत, स्टेपनीच्या खळग्यात, मूळ नट किंवा बोल्टचा संच एका पिशवीत ठेवा. सोबत मराठीत एक चिठ्ठी: 'चाकामागे चकती आहे. स्टेपनी लावताना चकतीचं काय करायचं ते आधी या नंबरवर विचारा.' खाली तुमचा मोबाइल नंबर. ही चिठ्ठी लिहायला लाज वाटत असेल तर स्पेसर घेऊ नका.